डोलकाठीचा पाय कुठे टेकलाय? एका जुन्या बोटीची दुरुस्ती आणि माझं चुकलेलं प्रकरण

गेले दोन-अडीच महिने इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी सॉरी. थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणात एक चूक सापडली आणि ती निस्तरण्यात सगळा वेळ गेला. चूक एका नाण्यामुळे झाली होती. हे मी उपमा म्हणून सांगत नाहीये, खरोखरच्या नाण्याबद्दल बोलतेय. आज तीच गोष्ट सविस्तर सांगते, कारण मी नक्की कशावर रिसर्च करते हे त्यातून जितकं नीट कळेल तितकं माझ्या सिनॉप्सिसमधूनही कळत नाही.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात ओळख. मी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर तंत्रज्ञानाचा इतिहास या विषयात पीएच.डी. करतेय. साधारण १९५६ ते १९९० या काळात इथे फायबरग्लासच्या लहान शिडाच्या बोटी हजारोंनी बनल्या. त्या बनवल्या कुणी, यावर बरंच लिहिलं गेलंय. त्या आजवर टिकल्या कशा, हा माझा प्रश्न आहे. आई नातेवाइकांना सांगते, "ती बोटींच्या रिपेरिंगचा अभ्यास करते." पूर्वी मी ते दुरुस्त करून सांगायचे. आता करत नाही, कारण आई बरोबरच सांगते.

न लागणारं दार

आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून दोन वर्षांपूर्वी एक पंचवीस फुटी जुनी बोट एक डॉलरला घेतली. एक डॉलर ऐकून हुरळून जाऊ नका. इथे जुनी बोट यार्डात ठेवायचं भाडं इतकं असतं की मालक ती कुणी फुकट नेली तरी आभार मानतात. बोट १९६०च्या दशकाच्या शेवटची, आणि ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तिच्यातून फिरलो. तेव्हा एक बारीकशी गोष्ट खटकायची. केबिनमधल्या छोट्या कपाटाचं दार लागायचं नाही, वरच्या कोपऱ्यात घासायचं. मी कानशीने जरा घासून घेतलं. महिन्याभरात पुन्हा घासायला लागलं. त्याच सुमाराला डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे तारांचे तणावे सैल पडायला लागले. आम्ही ते घट्ट करायचो, ते परत सैल व्हायचे.

यार्डातल्या एका म्हाताऱ्या सुताराला मी दाराबद्दल विचारलं. त्याने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. तो वर डेकवर गेला, डोलकाठीच्या बुंध्याशी एक सरळ पट्टी आडवी धरली आणि मला खालची फट बघायला सांगितलं. डेक मधोमध जवळजवळ एक सेंटिमीटर खचलं होतं. दार ठीकच होतं, चौकट खाली आली होती. घरात भिंतीला तडा गेला की आपण पाया बघतो ना, तसंच हे.

काठीवर ओझं येतं तरी केवढं?

इथे थोडं तांत्रिक बोलावं लागेल, पण ते सोपं आहे.

डोलकाठीचा बुंधा ज्या बैठकीत बसतो तिला मास्ट स्टेप म्हणतात. मोठ्या आणि जुन्या घाटाच्या बोटींमध्ये काठी डेकला भोक पाडून आत जाते आणि थेट बोटीच्या कण्यावर, म्हणजे कीलवर, उभी राहते. आमच्यासारख्या बऱ्याच लहान बोटींमध्ये ती डेकवरच उभी असते. तिच्या पायाशी अॅल्युमिनियमची किंवा स्टीलची एक बैठक चार-सहा बोल्टांनी डेकला आवळलेली असते.

काठीचं स्वतःचं वजन फार नसतं, दोघं-तिघं मिळून ती उचलू शकतात. मग डेक खचायचं कारण काय? कारण वारा. वारा शिडाला ढकलतो, बोट कलते, तळाचं वजन तिला पुन्हा सरळ करू पाहतं. ही सगळी ओढाताण वाऱ्याच्या बाजूचा तणावा सोसतो. तो बोटीच्या कडेला बांधलेला असल्यामुळे कड वर खेचली जाते आणि तेवढ्याच जोराने काठी खाली दाबली जाते. धनुष्य डोळ्यांसमोर आणा: तणावे ही दोरी, बोट हे धनुष्य, आणि काठी म्हणजे धनुष्याच्या पोटात रुतणारा बाण.

आकड्यांत सांगायचं तर समजा बोट दोन टनांची आहे आणि तीस अंश कलल्यावर तिला सरळ करणाऱ्या बलाची भुजा साधारण ४० सेंटिमीटर आहे. २,००० गुणिले ०.४ म्हणजे ८०० किलोग्रॅम-मीटर. तणावा काठीपासून १.२ मीटरवर बांधलाय. भागाकार केला की साधारण ६७० किलो येतात. बोट याहून जास्त कलू शकते म्हणून दीडपट धरा. मग पुढचे-मागचे तणावे आणि शीड वर चढवायच्या दोऱ्या यांचा ताण मिळवा. आकडा सहज पावणेदोन टनांच्या पुढे जातो. थोडक्यात, जवळजवळ आख्ख्या बोटीचं वजन तळहाताएवढ्या बैठकीवर येतं, आणि तेही प्रत्येक लाटेला कमीजास्त होत, वर्षानुवर्षं.

म्हणून मास्ट स्टेप ही बोटीतली सगळ्यात प्रामाणिक जागा आहे असं मला वाटतं. बाकीच्या ठिकाणी रंग मारून वेळ निभावता येते, इथे नाही.

म्हातारीच्या मांडीवर

हा प्रश्न काही फायबरग्लासबरोबर आलेला नाही. नॉर्वेतल्या व्हायकिंग जहाजांमध्ये काठीच्या पायाखाली ओकचा एक भलामोठा ठोकळा असायचा. त्याला 'केर्लिंग' म्हणत. या शब्दाचा अर्थ म्हातारी बाई. म्हणजे काठी म्हातारीच्या मांडीवर बसलेली. डेकच्या पातळीवर काठीला कवेत घेणारा आणखी एक जाड लाकडी तुकडा असे. त्याचा आकार माशासारखा, म्हणून आजचे अभ्यासक त्याला 'मास्ट फिश' म्हणतात.

१९०४ साली उत्खननात सापडलेलं ओसेबर्ग जहाज हे व्हायकिंग काळातलं सर्वात सुंदर जहाज मानलं जातं. त्याच्या नाळेवरचं कोरीवकाम सगळ्या पुस्तकांत छापलेलं असतं. इ.स. ८३४मध्ये दोन स्त्रियांबरोबर ते पुरलं गेलं. पण माझ्यासारखीला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोरीवकामाची नाहीये. त्या जहाजाचा मास्ट फिश तडकलेला आहे, आणि तो तडा लोखंडी पट्ट्या ठोकून आवळलेला आहे. शिवाय त्याची केर्लिंग फक्त दोन आडव्या फासळ्यांवर टेकते. काही दशकांनंतरच्या गोकस्टाड जहाजात, जे १८८० साली सापडलं, ती चार फासळ्यांवर पसरलेली आहे.

हे दोन तपशील शेजारी ठेवून बघा. आधीच्या जहाजात काठीची जागा भार सोसेना, तडा गेला, कुणीतरी पट्ट्या मारून भागवलं. नंतरच्या जहाजात तो भार जास्त फासळ्यांवर वाटून दिला. ओसेबर्गचाच अनुभव गोकस्टाडच्या सुतारांपर्यंत पोचला, असं सिद्ध करता येत नाही. पण शिडं नवीन होती, वापरून बघून कळत होतं की जोर कुठे येतो, आणि दुरुस्तीतून रचना सुधारत होती, एवढं नक्की दिसतं. जवळजवळ बाराशे वर्षांपूर्वी ज्याने ती पट्टी ठोकली, त्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. माझ्या थिसिसचा नायक, म्हणाल तर, तोच आहे.

प्लास्टिकची बोट, लाकडाचा पाय

आता थेट विसाव्या शतकात येऊ. फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्यात भिनवलेलं रेझिन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच्या लहान होड्या बनायला लागल्या. १९५६ साली बाउंटी टू ही चाळीस फुटी बोट आली. पण मध्यमवर्गीयांच्या घरापर्यंत ही लाट पोचवली ती पीअरसन ट्रायटनने. क्लिंटन आणि एव्हरेट पीअरसन हे चुलतभाऊ ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलचे, आणि बोटीची रचना कार्ल आल्बर्ग यांची. जानेवारी १९५९च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये साडेअठ्ठावीस फुटांची ही बोट मांडली आणि ऑर्डरींचा ओघ सुरू झाला. १९६७पर्यंत सातशेहून जास्त ट्रायटन बनल्या. जेम्स बाल्डविन यांनी 'अॅटम' नावाच्या ट्रायटनमधून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली.

या बोटी कशाच्या जोरावर विकल्या गेल्या? साच्यातून निघतात म्हणून स्वस्त, हे एक. पण खरा जोर होता देखभालीवर. लाकूड कुजतं, फळ्यांच्या फटी दरवर्षी भराव्या लागतात. यात ती कटकट नाही. घ्या आणि फिरा.

आमच्या कोकणात असं कुणी कुणाला सांगितलं तर लोक हसतील. पावसाळा आला की होड्या वर ओढायच्या, झाकायच्या, फटीत कापूस ठोकायचा, तेल पाजायचं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा तो या सगळ्यानंतर. होडी म्हणजे दरवर्षीचं काम, हे तिथे गृहीतच असतं.

इथे मात्र तसं उरलं नाही. आणि माझ्या थिसिसचा मुख्य मुद्दा नेमका इथेच आहे: बोटीचं कवच फायबरग्लासचं झालं, पण आत लाकूड तसंच राहिलं. फक्त दिसेनासं झालं.

डेक नुसत्या फायबरग्लासचं केलं तर ते जड तरी होतं किंवा लवचीक तरी. म्हणून सँडविच करतात: वर पातळ थर, खाली पातळ थर, मध्ये हलकं बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड. त्याच काळात काठ्याही लाकडाऐवजी अॅल्युमिनियमच्या आल्या. लहान केबिनच्या मधोमध काठी नको, डेकच्या भोकातून पाणी गळायला नको, शिवाय ट्रेलरवर बोट नेताना काठी आडवी करता आली पाहिजे. अशा कारणांनी बऱ्याच लहान बोटींत काठी डेकवरच उभी करायची पद्धत रुळली. त्या डेकखाली आडवी तुळई किंवा उभा खांब देऊन भार कीलपर्यंत न्यायचा. ही तुळई, हा खांब, खांबाखालचा ठोकळा पुष्कळदा लाकडाचाच. ट्रायटनमध्येसुद्धा काठीखालची तुळई लाकडी आहे, आणि कितीतरी मालकांनी ती नंतर बळकट करून घेतली आहे.

आता या डेकमध्ये बैठकीचे बोल्ट घाला. प्रत्येक बोल्ट म्हणजे सँडविचला पाडलेलं एक भोक. सीलंट दहा-पंधरा वर्षांत वाळतं. पाणी आत शिरतं ते बाहेर यायला वाट नाही. वरून सगळं चकचकीत, आत लगदा. शिवाय स्टीलचे बोल्ट, अॅल्युमिनियमची बैठक आणि खारं पाणी एकत्र आले की अॅल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं, पांढरी भुकटी फुगते आणि बोल्ट असे जाम होतात की फिरवायला गेलं तर तुटतात.

वरून खाली

तर आमच्या बोटीकडे परत येऊ. गेल्या शरद ऋतूत क्रेन बोलावून काठी काढली. त्याआधी प्रत्येक तणाव्याची लांबी आणि काठीचा मागे असलेला कल मोजून लिहून ठेवला. हे केलं नाही तर पुन्हा काठी बसवताना सगळा अंदाजपंचे कारभार होतो.

चार बोल्टांपैकी दोन तुटले, एक जाम, आणि चौथा नुसताच गरगर फिरत होता. म्हणजे त्याला धरायला खाली काही उरलंच नव्हतं. बैठक उचलली. खाली जुन्या सीलंटमध्ये रुतलेलं एक नाणं! अमेरिकन क्वार्टर, त्यावर साल १९८४.

मी अक्षरशः नाचले. काठीखाली नाणं ठेवायची प्रथा फार जुनी आहे. १९६२ साली लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्सजवळ थेम्सच्या गाळात पीटर मार्सडेन यांना एक रोमनकालीन जहाज सापडलं. त्याच्या मास्ट स्टेपच्या खाचेत सम्राट डोमिशियनचं एक ब्राँझचं नाणं होतं, त्यावर हातात सुकाणू घेतलेली भाग्यदेवता फॉर्च्युना. ब्रिटनच्या एचएमएस व्हिक्टरी या प्रसिद्ध युद्धनौकेची मुख्य काठी २०२१मध्ये काढली, तेव्हा तिच्याखालीही १८९४चं एक फार्दिंग निघालं. आपल्याकडे घराच्या पायाभरणीला पैसा ठेवतात त्याच जातीची ही गोष्ट.

थंडी पडली, बोट ताडपत्रीखाली गेली, आणि मी हिवाळाभर बसून प्रकरण लिहिलं. १९८४च्या नाण्यावरून मी म्हटलं की या बोटीची बैठक १९८४मध्ये बदलली गेली. त्या वेळी बोट बनवणारी कंपनी चालू होती. म्हणजे कंपनीचे सुटे भाग डीलरकडून मिळत होते. म्हणजे १९८०च्या दशकात दुरुस्ती ही अजून कारखान्याशी जोडलेली होती. बघा, एका नाण्यावर किती मजले चढवले मी!

गाईडनी मसुदा वाचला आणि समासात एकच प्रश्न लिहिला: नाणं नेमकं काय सिद्ध करतं? मला वाटलं, सवयीने विचारलंय. मी उत्तर टाळलं.

एप्रिलमध्ये काम पुढे सुरू केलं. माझ्या दोघी पार्टनरना घाई होती. त्यांचं म्हणणं, नवी बैठक आणू, लांब बोल्ट घालू, जूनमध्ये बोट पाण्यात. त्यांचं काही चूक नव्हतं, पैसे आणि सुट्टी दोन्ही मोजकंच होतं. पण स्क्रूड्रायव्हर बोल्टच्या भोकात घातला तर तो विनासायास मुठीपर्यंत आत गेला. त्यानंतर वाद संपला.

डेकचा वरचा थर चौकोनात कापला. बैठकीखाली मूळचं बाल्सा नव्हतं. कुणीतरी ते काढून तिथे प्लायवूडचा तुकडा बसवला होता, आणि आता तोही कडेने काळा, भिजलेला. मग केबिनच्या आतून छताचं आवरण काढलं. खाली तुळई, तुळईखाली खांब. खांब ठणठणीत! पण खांबाचा पाय बघायला केबिनची जमीन उचकटली तेव्हा खरं दुखणं दिसलं. तळाशी कीलवर एक लाकडी ठोकळा होता, आणि तळात साचणाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं बसून तो ओल्या ब्राउन ब्रेडसारखा झाला होता. खांब त्यात रुतत चालला होता. म्हणून डेक खचलं, म्हणून तणावे सैल, म्हणून कपाटाचं दार लागत नव्हतं. नुसती बैठक बदलली असती तर आम्ही खचणाऱ्या घराला नवा उंबरठा बसवला असता.

आणि मग ती ओळ दिसली. छताच्या आवरणामागे, तुळईच्या बाजूला, सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेली. नवं प्लायवूड आणि नवी बैठक घातल्याची नोंद, महिना मे, साल १९९३. आणि त्याखाली पुढच्या माणसासाठी एक सूचना: वेळ आणि पैसा संपला, पुढच्या खेपेला खालचा ठोकळा बघावा. सही नाही.

मी तशीच खाली बसले.

नाण्याची चूक

आता ब्लॅकफ्रायर्सच्या जहाजाबद्दलचं मघाशी न सांगितलेलं सांगते. ते नाणं इ.स. ८८-८९चं आहे. पण जहाज बांधलं गेलं दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या आसपास. म्हणजे खाचेत ठेवलं तेव्हा ते नाणं कित्येक दशकं लोकांच्या हातांतून फिरून झिजलेलं होतं. पुरातत्त्वाच्या पहिल्या वर्षातल्या मुलांनाही शिकवतात की नाणं फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतं, 'याच वर्षी' असं कधीच सांगत नाही. व्हिक्टरीच्या बाबतीत साल जुळतं, कारण तिच्या कुजलेल्या काठ्या काढून लोखंडी काठ्या बसवल्याची स्वतंत्र नोंद त्याच सुमाराची आहे. नाण्याला साक्षीदार लागतो.

हे उदाहरण माझ्याच प्रकरणात तळटीप म्हणून होतं! रोमन जहाजाला लावलेला नियम मी आपल्या बोटीला लावला नाही, कारण १९८४ हे साल माझ्या युक्तिवादाला फार सोयीचं होतं. माझ्या मते रिसर्चमधल्या बऱ्याच चुका अशाच होतात. माहिती नसते असं नाही, पण मिळालेलं उत्तर इतकं आवडतं की प्रश्न विचारायचा राहून जातो.

१९८४चं १९९३ झाल्याने काय बिघडलं? सगळंच. मधल्या नऊ वर्षांत इथला बोटींचा धंदा कोसळला होता. मंदी आली. १९९१पासून एक लाख डॉलरच्या वरच्या बोटींवर दहा टक्के चैनीचा कर लागला, तो १९९३मध्ये उठला. खुद्द पीअरसन कंपनी १९९१ साली बंद पडली. आमच्या बोटीची कंपनीही तोवर संपली होती. म्हणजे ती बैठक कारखान्याची असणं शक्यच नव्हतं. मी ती पुन्हा हातात घेतली, भिंगाखाली बघितली. कडेला करवतीच्या खुणा, भोकं किंचित वाकडी. कुणीतरी बाजारातलं अॅल्युमिनियम आणून स्वतः कापून केलेली! हिवाळाभर ती माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून पडली होती आणि मला ते दिसलं नव्हतं.

मग तो माणूस, किंवा ती बाई, हे शिकली कुठे? याचं उत्तर त्या काळाच्या छापील कागदांत आहे. मिशिगनमधल्या गूजन बंधूंनी १९७०च्या दशकात इपॉक्सी घरच्या घरी वापरता येईल अशी केली आणि १९७९ला बोटबांधणीवर पुस्तक काढलं. १९७४पासून 'प्रॅक्टिकल सेलर' निघत होतं. डॉन केसी यांचं 'धिस ओल्ड बोट' आलं १९९१मध्ये, नेमकं कारखाने बंद पडत असताना. कंपन्या मेल्या, पण हातांना शिकवणारं साहित्य तोवर तयार झालेलं होतं. म्हणून बोटी अनाथ झाल्या तरी मेल्या नाहीत. हा माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा नवा मुद्दा. पहिल्या मुद्द्याच्या बरोबर उलटा, आणि जास्त खरा.

दुरुस्ती, थोडक्यात

काहींनी मेलवर विचारलं होतं की शेवटी केलं काय, म्हणून सांगते. तळातला कुजका ठोकळा काढला. त्या जागी लाकूड नाही, जी-१० म्हणजे काच-इपॉक्सीच्या घट्ट पाटाचे तुकडे एकावर एक चिकटवून नवा ठोकळा केला, खालून पाणी वाहायला खाच ठेवून. तुळईखाली गाडीचा जॅक लावला आणि डेक रोज एक-दोन मिलिमीटर असं आठवडाभर उचललं. एकदम उचललं असतं तर तडकलं असतं. डेकमधला ओला भाग खरवडून, नीट वाळू देऊन, तिथे इपॉक्सी आणि काचेचा भुगा भरला. बोल्टांची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने बुजवली आणि मग त्याच्या मधोमध नवी भोकं पाडली. म्हणजे आता सीलंट वाळलं तरी पाणी सँडविचला शिवणार नाही. स्टील आणि अॅल्युमिनियमच्या मध्ये इन्सुलेट करणारी पेस्ट. बैठकीला पाणी निघून जायला एक भोक. क्रेन पुन्हा आली ती ऑगस्टमध्ये. अर्धा उन्हाळा गेला. मैत्रिणी अजून बोलतात माझ्याशी.

मग ही बोट कुठल्या सालची?

थिसियसच्या जहाजाचं कोडं तुम्हाला माहीत असेल. फळ्या बदलत गेलो तर जहाज तेच राहतं का? प्लुटार्कने ते लिहून ठेवलं तेव्हापासून तत्त्वज्ञ त्यावर भांडताहेत. मला त्यात एक गोष्ट नेहमी खटकते: त्या फळ्या बदलत कोण होतं, हे कुणीच विचारत नाही.

इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या २००६च्या पुस्तकात म्हटलंय की आपण तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांनी लिहितो, वापराच्या आणि देखभालीच्या नाही. अर्काइव्हमध्ये मला बोटींचे आराखडे मिळतात, जाहिराती मिळतात, विक्रीची रजिस्टरं मिळतात. दुरुस्ती करणारे कागद ठेवत नाहीत. त्यांचं अर्काइव्ह डेकच्या पोटात, छताच्या आवरणामागे, ठोकळ्याखाली असतं. आणि ते वाचायचं तर बोट उघडावी लागते. म्हणजे वाचता वाचता ते थोडं नष्टही होतं. आम्ही कापलेला प्लायवूडचा तुकडा कुजका होता, तरी मी तो फेकला नाही. मोजून, फोटो काढून, वाळवून खोक्यात ठेवलाय. पेन्सिलीची ओळ तर जिथे होती तिथेच आहे, तिच्यावरून नुसतं पारदर्शक इपॉक्सी फिरवलंय.

'देखभाल लागत नाही' या वाक्याने सगळ्यात मोठं नुकसान हेच केलं, असं मला आता वाटतं. बोटी त्याने बुडाल्या नाहीत. पण ज्यांनी त्या तरंगत ठेवल्या त्यांचं काम मोजायचंच राहून गेलं. काही करावंच लागत नाही म्हटल्यावर करणाऱ्याची नोंद कोण ठेवणार?

काठी बसवायच्या आदल्या रात्री आईचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं, "अगं, पायात पैसा ठेवलास का?" ठेवला. पाकिटात भारतातून आणलेलं दहा रुपयांचं एक नाणं होतं, ते बैठकीखाली इपॉक्सीत पूर्ण बुडवून टाकलं, म्हणजे ते अॅल्युमिनियमला खाणार नाही. १९८४चं क्वार्टरही त्याच्या शेजारीच.

आणि तुळईवर, त्या जुन्या ओळीच्या खाली, मीही पेन्सिलीने लिहिलं. ठोकळा बघितला, बदलला. काम कोणत्या वर्षी केलं ते लिहिलं. आणि दोन्ही नाण्यांवरच्या सालांवर विश्वास ठेवू नये, हे मुद्दाम अधोरेखित केलं.

कपाटाचं दार आता लागतं. मागे मी घासलेल्या कोपऱ्यात मात्र एक बारीक फट राहिली आहे.

पुढच्या पोस्टमध्ये जुन्या बोटींच्या जाहिरातींबद्दल लिहीन. तुमच्या घरात, गाडीत, होडीत कुठे असं आधीच्या कारागिराने लिहून ठेवलेलं काही सापडलं असेल तर नक्की कळवा. मला खरंच हवंय.